जिवंत बाईच्या फोटोला हार

मी एका जिवंत बाईला श्रद्धांजली वाहिलेली आहे. एकटीनं नाही, सगळं कॉलेज उभं करून. फोटोला झेंडूचा हार घातला, पुढं समई लावली, उदबत्ती पार नाकाशी नेली आणि माईकवर भरल्या गळ्यानं म्हणाले, "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो." तो आत्मा त्या वेळी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात, स्वतःच्या घरामागं दोरीवर चादरी वाळत घालत होता. हे मला पुढं त्या आत्म्यानंच सांगितलं.

तेव्हा मी वसमतच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होते. पन्नाशीला टेकले होते, चष्म्याला साखळी लावली होती आणि साखर कारखान्यापासून बसस्टँडपर्यंत आपल्याइतकं वाचलेलं दुसरं कुणी नाही असं मनाशी धरून चालत होते. दुसऱ्या कुणाला तसं वाटत नव्हतं, म्हणून मला ते जास्तच वाटायचं. आता आजी झाल्यावर त्या साखळीवालीकडं वळून बघते तर वाटतं, हिला कुणीतरी वेळेवर एक चिमटा काढायला पाहिजे होता.

झालं असं, की त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही शिक्षिकांनी एक नाटक बसवलं. मूळ इंग्रजी, एका ब्रिटिश लेखिकेचं. मराठीत मी आणलेलं. आमच्याकडं कोणताही कार्यक्रम, मग तो बक्षीस समारंभ असो की बियाण्याच्या कंपनीचा मेळावा, फोटोला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन-तीन थोरांच्या तसबिरी, समई, नारळ. मी म्हटलं, नाटक जिचं, तिचाही फोटो पाहिजे. पुस्तकाच्या मागच्या बाजूला होता तो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. काळा-पांढरा. त्यात ती गालाला हात लावून अशी बघत होती, की जाऊन बराच काळ लोटला असावा.

ती गेली असं मला सांगितलं कुणी? कुणीच नाही. पण मी आयुष्यभर शिकवलेला एकही इंग्रज लेखक जिवंत नव्हता. फुलांवर कविता करणारे गेलेले, पाखरांवर करणारे गेलेले, समुद्रावर करणारे तर त्यांच्याही आधी गेलेले. इंग्रज माणूस पुस्तकात छापून आला म्हणजे तो मेलेलाच, हा माझा नोकरीतला अनुभव. जिवंत इंग्रज लेखक अशी काही चीज असते, हे खरं सांगते, मला सुचलंच नाही.

हार घालायच्या वेळी भूगोलाच्या मॅडम कुंकवाची कोयरी हातात धरून थांबल्या. हळूच मला म्हणाल्या, "मॅडम, या सवाष्ण गेल्या की कशा?"

"काय माहीत."

"मग कुंकू लावू की नको?"

"लावा. गोऱ्या आहेत, शोभेल."

लावलं. संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि भाषणात सांगून टाकलं, की लेखिकाबाईंच्या जाण्यानं मराठवाड्याच्या नाट्यक्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झालेली आहे. त्या सकाळपर्यंत त्यांनी बाईंचं नाव ऐकलं नव्हतं. पण पोकळी म्हटलं की टाळ्या येतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ते पुस्तक मला नांदेडला रस्त्याच्या कडेला, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं. सुरुवातीला लेखिकेनं स्वतःची हकिकत लिहिली होती, आणि नाटक वाचायच्या आधी मी त्या हकिकतीच्याच प्रेमात पडले. गिरणीच्या गावातली पोरगी. सकाळी एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची, दुपारी लिहायची. पहिलं नाटक झालं ते एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर. खालून ग्लासांचा आवाज यायचा, तर हिनं दुसऱ्या दिवसापासून तो आवाज नाटकातच धरला. पात्रं आवाज थांबायची वाट बघायची आणि मग बोलायची. दुसऱ्या नाटकावर एका वर्तमानपत्रानं लिहिलं, बाईंना गोष्ट सांगता येते, पण नाटक कशाला म्हणतात ते अजून कळलेलं नाही. तिनं ते कात्रण चुलीच्या वर भिंतीला चिकटवलं आणि रोज त्याच्यासमोर उभं राहून बटाटे सोलले.

तिसरं नाटक म्हणजे आम्ही केलेलं. त्यात फार काही घडत नाही. नवरा गेलेला. सासरचे लोक घराची वाटणी करायला जमतात. विधवा सून नवऱ्याच्या खुर्चीवर बसते आणि उठत नाही. एवढंच. लोक समजावतात, धमकावतात, चहा देतात, अर्धा प्यायल्यावर काढून घेतात. ती आपली खुर्चीवर. एकेक करून सगळे निघून जातात, सासरा तेवढा उभा राहतो. तो म्हणतो, अंधार पडला. ती म्हणते, मग दिवा लावा. तो दिवा लावतो. संपलं.

लंडनच्या एका मोठ्या थिएटरनं तिला सांगितलं, नाटक करतो, फक्त शेवटी तिला उठव. लोकांना घरी जाताना काहीतरी बरं वाटलं पाहिजे. ती म्हणाली, नाही. थिएटर म्हणालं, मग आम्हीही नाही. पुढं कित्येक वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही. तिनं नट्या गोळा केल्या, एका जुन्या गाडीत आपल्याच घरातली खुर्ची टाकली, आणि चर्चच्या हॉलांत, कामगारांच्या क्लबांत, शाळांत प्रयोग करत हिंडली. पण सुनेला उठवलं नाही.

हे सगळं मी वाचलेलं होतं. पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. वर्गात मुलींना सांगताना माझा आवाज कापायचा. आणि एवढं सगळं करून नाटक मराठीत आणताना मी काय केलं? शेवटी तिला उठवलं.

नुसतं उठवलं नाही. सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. सासरा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "सूनबाई, घर तुझंच आहे." वर बासरी. हे मी माझ्या हातानं लिहिलं, लिहून झाल्यावर रडले, आणि तशाच ओल्या डोळ्यांनी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मूळ बाईला चालेल का हे?"

मी म्हटलं, "ती कुठं येतीय विचारायला."

सासऱ्याचं काम मीच केलं. धोतर, पटका, डिंकानं चिकटवलेली मिशी. खुर्चीवर बसणारी सून म्हणजे आमच्याकडं तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी एक तरुण शिक्षिका. तिचं सासर आखाडा बाळापूरचं, हळद पिकवणारं, खाऊनपिऊन सुखी. नवरा वसमतच्या मोंढ्यात आडतीवर कामाला, म्हणून दोघं इकडं राहायची. पोरगी अंगानं किरकोळ, पण खुर्चीवर बसली की खुर्ची भरून जायची. तिचे सासरे प्रयोगाला मुद्दाम आले, पहिल्या रांगेत, कोरा रुमाल बांधून. आमच्या भागात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. शिकलेली असो, कमावती असो, सासरा आला की ती उभी. त्यामुळं अर्धं नाटक त्यांनी मान खाली घालून काढलं. पण शेवटी ती उठली, मिशीवाल्या माझ्या पाया पडली, बासरी वाजली आणि त्यांचे डोळे भरून आले. पडदा पडल्यावर ते स्टेजजवळ आले.

"बाई, आमच्या जत्रंत करा ह्यो खेळ. कमिटीत मीच हाय. गावाला दिसू द्या, सून कशी आसती ते."

मी धोतरातच नमस्कार करून हो म्हटलं. पुढं आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग पुण्याहून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. संमेलनाचे फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकले होते.

"मॅडम, त्या फोटोला हार काहून घातलाय?"

"लेखिका आहेत त्या."

"ते माहितीय. पण त्या जिवंत आहेत."

"नक्की?"

"आत्ताच नवं नाटक आलंय त्यांचं. मी मुलाखत बघितली."

"जुनी असेल मुलाखत."

"कालची आहे मॅडम. त्यांना खोकला झालाय."

ह्यांना सांगितलं, तर ते जेवता जेवता ताटावरून उठले आणि मोरीपाशी जाऊन हसले. परत येऊन म्हणाले, "एकदा माझ्याही फोटोला घालून बघ. बघू, मला काही फरक पडतो का."

प्राचार्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"मॅडम, नाटकाची परवानगी घेतली होती का?"

"मेलेल्या माणसाची कशी घेणार, सर?"

"पण त्या मेलेल्या नाहीत."

"तेव्हा होत्या."

"हे असं कुठं लेखी देऊ नका. बाळापूरचा खेळ रद्द करा, फोटो आतल्या खोलीत ठेवा, विषय संपवा. हे परदेशी लोक उठलं की कोर्टात जातात. कॉलेजचं नाव जाईल."

आतापर्यंत मी शरमेनं निम्मी झाले होते, हे कबूल करते. पण 'विषय संपवा' हे दोन शब्द कानावर पडले आणि माझं डोकं चष्म्याच्या साखळीसकट तापलं. सगळ्या नोकरीत मी हेच दोन शब्द ऐकत आले होते. मुलींना स्वतंत्र खोली मागितली, विषय संपवा. वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा म्हटलं, विषय संपवा. मी म्हटलं, "सर, हार मी घातलाय, काढीन पण मीच. बाईंनाच विचारते. त्या नाही म्हणाल्या तर नाटक बंद. तुम्ही म्हणता म्हणून नाही."

"कॉलेजचं नाव घालू नका मग."

"नाही घालत. त्या नावाला टाळ्या कुठं येतात?"

पुण्याच्या मुलीनं पत्ता शोधला. मी ई-मेल लिहिला: हार, समई, शांती लाभो, सगळं सांगितलं, बाळापूरची परवानगी मागितली आणि सोबत मोबाईलवर घेतलेलं प्रयोगाचं चित्रण पाठवलं. शेवट बदलला, तेवढं मात्र सांगितलं नाही. मराठी तिला कुठं कळतंय, असा माझा डाव.

तिनं व्हिडिओ कॉलवर बोलायचं आहे असं कळवलं. मी काठपदराचं नेसून, पाठीमागं पुस्तकांचं कपाट येईल अशी बसले. पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं, मग पोरासारखे बारीक कापलेले पांढरे केस आले, आणि मग ती. समोर पातेलं, हातात बटाटा. बोलणं इंग्रजीत झालं, इथं माझ्या मराठीत सांगते.

"मला मारणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो."

"वर्तमानपत्रांनी मला पुष्कळदा मारलं. फुलं घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या. कसली होती?"

"झेंडूची."

"आणि माझ्या फोटोत कपाळावर लाल काय लावलंय?"

नवरा असलेल्या बाईला लावतात, असं सांगितलं.

"आहे नवरा. शेजारणीकडं आहे, पण आहे."

"मग पुसू का?"

"राहू द्या. त्याला कुठं कळतंय."

मी हसले. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तिनं सुरी खाली ठेवली.

"ती मुलगी कुठं मिळाली तुम्हाला? मी खूप नट्या बघितल्या. बोलता सगळ्यांना येतं, बसता येत नाही. हिला बसता येतं. मग शेवटी ती का उठते?"

यावर मी, साखळीवाली, व्याख्यान दिलं. आमची संस्कृती, एकत्र कुटुंब, मोठ्यांचा मान, ग्रामीण प्रेक्षकाची मानसिकता. मधे दोन संस्कृत शब्दही टाकले आणि त्यांचा अर्थ सांगितला. ती शांतपणे पुन्हा बटाटा सोलायला लागली. मी थांबल्यावर म्हणाली, "लंडनच्या माणसानंही मला हेच सांगितलं होतं. त्याच्याकडं संस्कृतीच्या जागी तिकिटं होती."

मग तिनं एका खाणीच्या गावातली गोष्ट सांगितली. कामगारांच्या क्लबात प्रयोग चालू असताना एक माणूस चिडला, स्टेजवर चढला आणि खुर्ची ओढायला लागला. नटी खुर्चीसकट फरफटत पार भिंतीपर्यंत गेली, पण उठली नाही, आणि पुढचं वाक्य तिथूनच बोलली. "त्या दिवशी माझी खात्री झाली, की मला नाटक लिहिता येतं," ती म्हणाली. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच लंडनच्या थिएटरनं तेच नाटक केलं, सून बसलेलीच. तो जुना माणूस निवृत्त होऊन पहिल्या रांगेत आला होता. बाहेर पडताना तिला म्हणाला, तुम्ही फार सुधारणा केली आहे. तिनं एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"नाटक करा," शेवटी ती म्हणाली. "पैसे नकोत. पण तिला उठवणार असाल तर माझं नाव काढा, ते नाटक तुमचं. बसवणार असाल तर माझं."

अशी ती बाई. अजून लिहिते आहे. परवाच नातीनं मोबाईलवर दाखवलं, आणखी एक नवं नाटक आलंय आणि एका कोवळ्या समीक्षकानं लिहिलंय, की बाईंचा काळ आता संपला. मी नातीला म्हटलं, हार आणू का?

पण त्या वेळी फोन ठेवल्यावर मी दोन दिवस तिला शिव्या घातल्या. तिला काय जातंय, बटाटे सोलत बसलीय, मला इथं लोकांत राहायचंय. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला कुठं बसायचंय खुर्चीवर? तू तर सासरा आहेस." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले, आणि मला तो धडा नको तितका कळला. ज्या पोरीला बसायचं होतं, तिला मी अजून विचारलंच नव्हतं.

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला.

"मॅडम, मूळ नाटकात ती उठत न्हाई, हे तुमाला कवा कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई?"

मी चष्मा काढून पुसायला लागले. ती म्हणाली, "रोज तालमीत उठताना गुडघ्यात कायतरी अडायचं माझ्या. मला वाटायचं, आपल्यालाच ॲक्टिंग येत न्हाई."

"बाळापूरला बस मग. उठू नको."

"तुमी खेळ करून जीपमधी बसून वसमतला येताल. मला त्या घरात भाकरी खायाची हाय. मामा पयल्या रांगंत बसणार, अन् समद्या गावाला सांगून बसणार, बगा माझी सून कशी पाया पडती."

"मग ऊठ. बाईंचं नाव काढून टाकू."

"ते तुमाला सोपं हाय," ती म्हणाली. "मगाशी बसायचं सोपं होतं, आता उठायचं." मग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "तुमी तुमचं वाक्य म्हणा तिथं. अंधार पडला म्हणा. मंग बगू माझं काय व्हते ते."

त्याच्यापुढं तिनं मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण माझ्या बाजूचं मी ठरवलं. कापडी फलक रंगवून घेतला, त्यावर लेखिकेचं नाव ठळक अक्षरांत टाकलं आणि खाली पेंटरला लिहायला लावलं, 'हयात आहेत'. पेंटर म्हणाला, "असं कुणी लिहीत न्हाई, बाई." मी म्हटलं, मी लिहिते.

बाळापूरला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. खेळ दुपारी ठेवला, कारण बायकांना परत जाऊन चुली पेटवायच्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे दोरी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पण सासऱ्यांनी नाटकासाठी म्हणून स्वतःच्या घरची खुर्ची पाठवली: शिसवी, हातांची, त्यांच्या आज्यानं निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली. तिच्यावर घरात त्यांच्याशिवाय कुणी टेकत नसे. त्यांची सून ट्रॉलीवर चढली, खुर्ची बघितली, आणि माझ्याकडं न बघता तिच्यावर बसली.

खेळ सुरू झाला. वसमतच्या प्रयोगाला पोरं शिट्ट्या मारत होती, इथं लोक नाटकाशी बोलत होते.

"ऊठ की वं बाई, म्हातारा उभा हाय."

"काहून उठन? त्याला काय पाय न्हाईत?"

"चहा बी पुरा पिऊ दिला न्हाई मेल्यांनी."

पुरुषांकडून कुणीतरी म्हणालं, "कॉलेजात हेच शिकवून राहिले का पोरींला?" त्यावर पहिल्या रांगेतले तिचे खरे सासरे मागं वळून म्हणाले, "दम धर की लेका. शेवट बग आदी." मला वरून सगळं दिसत होतं. ते आजूबाजूच्यांना हातानं थोपवत होते. थांबा, आता उठती. थांबा, आता पाया पडती. त्यांनी आपली सगळी इज्जत त्या शेवटावर लावली होती, आणि तो शेवट मीच लिहिलेला होता.

माझी मिशी घामानं एका बाजूला सुटली होती. एकेक पात्र खाली उतरलं. ती आणि मी उरलो. भर दुपारच्या उन्हात मी म्हणाले, "अंधार पडून राहिला."

कुणी हसलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या खांद्यावरून पहिल्या रांगेकडं बघितलं. तिचा हात खुर्चीच्या हातावर दाबला गेला, उठणाऱ्या माणसाचा दाबला जातो तसा. मला तिचं मनगट दिसत होतं. मी पायाची बोटं आखडून घेतली, तिनं पाया पडायचं म्हटलं तर पडू द्यायचं का नाही हेच मला कळेना. मग तो हात सैल झाला.

"मंग दिवा लावा, मामा."

तालमीत आम्ही 'सासरेबुवा' म्हणायचो. मामा ही तिच्या घरातली, खऱ्या सासऱ्यांची हाक होती.

मी कंदील घेतला. काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली, तीही विझली. बायकांतून एक आवाज आला, "पदराच्या आडून लाव, मामा." मला पदर नव्हता, धोतराचा सोगा धरला, त्याच्या आडून लावला. नाटक संपलं. पण संपलं हे कुणालाच कळलं नाही. पाया पडणं नाही, बासरी नाही, मग संपलं कशावरून? सगळा मंडप बघत बसला. ती बसलेली, मी कंदील धरून उभी. शेवटी बायकांतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं, न्हाई उठत ती." मग टाळ्या आल्या, आधी दोरीच्या बायकांकडच्या बाजूनं, मग थोड्या पुरुषांकडच्या.

सासरे टाळ्या थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत. मग उठले, सुनेकडं एकदा बघितलं. ती अजूनही खुर्चीवरच होती.  ते गर्दीतून बाहेर गेले.  शौर्य माझं आणि भाकरी तिची, हे मला त्या ट्रॉलीवर उभं राहून पुरतं कळलं.

मी ट्रॉलीच्या मागं मिशीचा डिंक ओल्या फडक्यानं पुसत होते. सूनबाई जवळच पायरीवर बसून पाणी पीत होती. तेवढ्यात सासरे दोन गडी घेऊन आले. गड्यांनी खुर्ची उचलून खाली घेतली. सासऱ्यांनी रुमालानं खुर्चीचे हात पुसले, बसायची जागा पुसली. सुनेला म्हणाले, "जेवून जा, म्हातारी वाट बगून राहिली." मग माझ्याकडं वळले. माझी अर्धी मिशी अजून चिकटलेली होती, तिच्याकडं बघत म्हणाले,

"बाई, ही खुर्ची माझी हाय, अन् घरी गेल्यावर तिच्यावर मीच बसणार. ते काई बदलायचं न्हाई. पर पुन्ना कुठं खेळ केला तर पोरीला उठवू नका. उठली तर लोकं म्हणतील, सासऱ्याला भेली."